पुढचं दार

परवा दुपारी पुढच्या दाराची घंटा वाजली. मी स्वयंपाकघरात कोबी चिरत होते, सुरी हातात तशीच राहिली. आमच्या लिंडलो गावात पुढच्या दाराची घंटा कुणी वाजवत नाही. ओळखीचं माणूस मागनं येतं, उंबऱ्याशी लाकडी जोडे काढतं, "आहे का कुणी?" म्हणून ओरडतं आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन खुर्ची ओढतं. पुढचं दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. या घरात आता नवरी कुठून यायची? म्हणून आधी मनात नको तो विचार आला. मग आठवलं, अर्धं घर भाड्यानं द्यायचंय म्हणून मीच दुकानात चिठ्ठी लावून आले होते.

घराला वळसा घालून मी कोपऱ्यावरनं डोकं काढलं. एक मुलगा, एक मुलगी, पाठीवर पिशव्या, आशेनं त्या बंद दाराकडे बघत उभी होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अहो, इथं कुणी मेलेलं नाही! मागनं या!"

मुलगी दचकली. तिचा तो चेहरा मी ओळखला. तो माझाच होता.

मी आले तेव्हा नोव्हेंबर होता आणि पाऊस आडवा येत होता. मी कोबा, रॉटरडॅमची. नवरा लेन्डर्ट, तोही तिथलाच. लढाईत आमचं शहर बेचिराख झालं, त्याला बरीच वर्षं उलटली होती, पण जळालेली घरं काही परत उगवली नव्हती. लग्नानंतर आम्ही सासूबाईंच्या खोलीत, पडद्याआड झोपायचो. सासूबाई पलीकडे खोकल्या की आम्ही इकडे श्वास रोखायचो. अशात लेन्डर्टला इथल्या डेअरीत यंत्रांवरचं काम मिळालं आणि डेअरीच्या मॅनेजरनं सांगितलं, गावात एक विधवा बाई आहेत, वीसिंकबाई, त्यांच्या घराचा पुढचा भाग रिकामा आहे, त्या देतील. "देतील" म्हणताना ते दुसरीकडे बघत होते, हे मला नंतर आठवलं.

आम्ही पुढच्या दाराशी जाऊन घंटेची साखळी ओढली. साखळी गंजलेली. पुन्हा ओढली. आत हालचाल नाही. माझ्या टोपीतून पाणी मानेवर उतरायला लागलं. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून एक डोकं बाहेर आलं. पांढरे केस घट्ट मागे ओढलेले, डोळे निळे आणि अजिबात न हसणारे.

"इथं कुणी मेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मागनं या."

मागच्या दारानं गेलो. आतल्या पाण्याच्या पंपाजवळ भिजलेले कोट टांगले. काटकोनात वळणारा अरुंद बोळ ओलांडून स्वयंपाकघरात आलो. त्यांनी कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा पुढे केला, आम्ही एकेक उचललं आणि डब्याचं झाकण टक्‌कन लागलं.

"रॉटरडॅमचे ना? तिथं माणसं पुढच्या दारानं येतात वाटतं."

"तिथं मागचं दारच नसतं, वीसिंकबाई," लेन्डर्ट म्हणाला. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मग मेल्यावर कसे बाहेर पडता?"

"जिन्यानं."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "गरीब बिचारे," म्हणाल्या.

मग अटी सांगितल्या. पुढची मोठी खोली आणि तिच्यामागची छोटी आमची. पंप दोघांचा. रविवारी खिळे ठोकायचे नाहीत. "आणि मेपर्यंत. पुढं नाही."

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला घरं बदलायची, ही तेव्हाची जुनी रीत. पण मी विचारलं, "मेनंतर पाहुणे यायचेत का?"

"पाहुणे कसले! मेनंतर ती खोली मला लागेल. मला ठेवायला." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "आमच्याकडे माणूस गेलं की पुढच्या खोलीत ठेवतात. सासऱ्यांना तिथंच ठेवलं होतं, सासूला तिथंच, माझ्या डेर्कला तिथंच. मूलबाळ नाही, आता मीच राहिले. हिवाळ्यात मी मरायची नाही. लाकडं भरलीत, तळघर बटाट्यांनी भरलंय, ते टाकून कुठं जाऊ? पण मेनंतरचं काही सांगता येत नाही."

लेन्डर्ट माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. वीसिंकबाई माझ्या पोटाकडे बघत होत्या. अंगातला झगा पुढून बसत नव्हता.

"कधी?"

"मार्च संपता संपता."

"मग मेपर्यंत हिंडायला-फिरायला लागशील," त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला.

त्यांच्यापुरता मिटला. माझ्यापुरता तो रोज सकाळी उठायचा. तान्हं मूल घेऊन त्या पडद्याआड परत जायचं? आम्ही एरवी श्वास रोखायचो, बाळाला कसं सांगणार श्वास रोख म्हणून? लेन्डर्ट डेअरीतून सुटला की सायकलवरनं आसपासची गावं पालथी घालायचा. कुठं कोंबड्यांची खोली मिळत होती, कुठं माळा. घर नव्हतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, या बाईंचं मन जिंकायचं. त्यांनी स्वतःहून म्हटलं पाहिजे, राहा.

ते सोपं नव्हतं. मी विणलेला रुमाल दिला, त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला. मी मटाराचं दाट सूप केलं, त्या म्हणाल्या, "रॉटरडॅमला मीठ स्वस्त आहे वाटतं." त्या मला माझ्या नावानं हाकच मारत नसत. "अगं रॉटरडॅम, तुझा पंप ठिबकतोय." ठिबकत असला की पंप माझा.

शेजारी मात्र सारखे येत. हार्मेन आणि तोनिया रूर्डिंक हे वीसिंकबाईंचे पहिले शेजारी. पहिला शेजारी म्हणजे इकडे नात्याहून घट्ट. बाळंतपणात सुईण तो आणणार, मयताला शेवटचे कपडे तो घालणार, घरोघरी निरोपही तोच पोचवणार. हार्मेन लांबलचक आणि कमी बोलणारा, तोनिया बुटकी आणि त्याच्या वाटचंही बोलणारी. ती कधीही मागनं आत घुसायची. एकदा मी पंपाखाली केस धूत होते तर ती माझ्या डोक्यावरून हात घालून किटली भरून घेऊन गेली. "चालू दे, चालू दे," म्हणाली.

फेब्रुवारीत एक दिवस असा उगवला की सगळा हिवाळा खोटा वाटावा. लख्ख ऊन. पुढच्या खोलीच्या भिंतींना ओल होती, गाद्यांना कुबट वास येत होता, आणि या हवेत बाळ कसं ठेवायचं याचा मला घोर लागला होता. ऊन सगळं पुढच्या अंगणात पडलं होतं. मधे फक्त ते दार होतं. त्याची हातभर किल्ली घड्याळाशेजारी खिळ्याला लटकलेली असायची. वीसिंकबाई डुकराला घालायला मागे गेल्या होत्या.

मला वाटलं, दाराला तेलपाणी करावं, उंबरा घासावा, पितळी मूठ चकचकीत करावी. बाई बघतील आणि खूश होतील. शहरात आम्ही पुढच्या उंबऱ्यावरनंच बाईची परीक्षा करायचो.

कुलपात लोणी सोडलं. किल्ली कुरकुरली आणि फिरली. दोन्ही फळ्या मी सताड उघडल्या. ऊन थेट पलंगापर्यंत आलं. मी गुडघ्यांवर बसून उंबरा घासायला घेतला, आणि खरं सांगते, गाणंही गुणगुणत होते.

रस्त्यावरून एक म्हातारा सायकलवर चालला होता. दाराकडे बघून तो एकदम उतरला. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि सायकल हातानं ढकलत, मान खाली घालून पुढे गेला. मी त्याला हात केला. तो असा काही बघत राहिला की बास. मग समोरच्या घरातल्या बाईनं भरदुपारी पडदे ओढून घेतले. मला वाटलं, तिला उन्हाचा त्रास होत असेल.

थोड्या वेळानं फाटकातून हार्मेन आणि तोनिया आत आले. दोघंही काळ्या कपड्यांत. हार्मेनच्या डोक्यावर ती उंच काळी टोपी, जी पेटीतून फक्त एकाच कामाला बाहेर निघते. ती त्यानं काढून हातात घेतली.

"कधी गेल्या?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"आत्ताच, थोडा वेळ झाला," मी म्हटलं.

"फार त्रास झाला का गं?" तोनियाच्या डोळ्यांत पाणी.

"झालाच थोडा. गुडघे दुखतात ना त्यांचे. पण मला म्हणाल्या, तू नको येऊस, माझी मी जाते."

तोनियानं डोळे पुसायला एप्रन शोधलं, ते नव्हतं, म्हणून हार्मेनची बाही डोळ्यांना लावली. "शेवटपर्यंत तशीच. कुणाला त्रास द्यायचा नाही."

हार्मेननं उघड्या दारातून खोलीत पाहिलं. पलंगावर गाद्यांखेरीज काही नव्हतं. "आहेत कुठं?"

"डुकराकडे."

"डुकराच्या खोपटात गेल्या?" तोनिया किंचाळली. "आणि तू इथं उंबरा घासत बसलीस?"

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून तेच पांढरं डोकं बाहेर आलं. हातात रिकामी बादली. त्यांनी हार्मेनचा काळा कोट पाहिला, टोपी पाहिली, तोनियाचे डोळे पाहिले.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "कोण गेलं?"

हार्मेन टोपी गोल गोल फिरवत राहिला. "तू, दीना," तो म्हणाला.

मग त्यांनी दार पाहिलं.

हसू येतं आता सांगताना. तेव्हा कुणी हसलं नाही. त्यांनी रूर्डिंकांना मागनं आत बोलावलं, कॉफी दिली. हार्मेन घरोघरी निरोप सांगत निघाला नव्हता, एवढंच त्यातल्या त्यात बरं. ते दोघं गेल्यावर त्यांनी पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या बाहेरूनच लावल्या, किल्ली फिरवली आणि खिळ्याला न लावता आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. मी अंगणातच उभी होते.

"वीसिंकबाई, मला वाटलं तुम्हाला आवडेल..."

"त्या दारानं मी एकदा आत आले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "डेर्कनं उचलून आणलं होतं, उंबऱ्याला डोकं आपटलं होतं माझं. मग एकेकाला बाहेर जाताना पाहिलं. आता एकदाच उघडायचं राहिलंय, तेव्हा मी नसेन बघायला. मधे ते उगाच उघडायचं नसतं." जाता जाता त्या वळल्या. "मेचं लक्षात आहे ना?"

संध्याकाळी लेन्डर्ट आला तेव्हा मी कुबट गादीवर बसून रडत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "डुकराकडे, असं म्हणालीस?" त्यानं विचारलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला उशी फेकून मारली. पण मे दोन पावलांवर उभा होता.

मार्चच्या शेवटी, दुपारी, बटाटे सोलताना पहिली कळ आली. लेन्डर्ट डेअरीत. मी सुरी ठेवली आणि भिंतीला टेकले. वीसिंकबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मागचं दार उघडलं आणि अशी हाक मारली की रूर्डिंकांच्या कोंबड्या उडाल्या. "तोनियाऽऽ! हार्मेनला सायकल काढायला सांग!"

हार्मेन सुईण घेऊन आला. तोनियानं पाणी तापत ठेवलं. वीसिंकबाई पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. मी इतके महिने तिथं राहत होते, पण त्यांनी एकदाही त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. डेर्क गेल्यापासून टाकलं नव्हतं, हे मला तोनियानं नंतर सांगितलं. मला तेव्हा त्याचं काय! माझी कंबर तुटत होती. मी ओरडले, "वीसिंकबाई!"

त्या आत आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि माझा हात आपल्या खरखरीत हातात घेतला.

"वीसिंकबाईऽऽ!"

"एवढं लांबलचक नाव कशाला ओरडतेस," त्या म्हणाल्या. "दीनामावशी म्हण. लवकर संपतं."

दिवेलागणीला मुलगी झाली. नेल. सुईणीनं तिला पुसून गुंडाळलं आणि जो हात जवळ होता त्यात दिलं. तो दीनामावशींचा होता. त्या खोलीत त्यांनी आजवर फक्त न हलणारी माणसं पाहिली होती, आणि ही तर नुसती वळवळत होती. त्यांनी तिच्या नाकाला बोट लावून बघितलं, गरम आहे का.

पुढच्या शनिवारी शेजारी पाव घेऊन आले. बाळंतिणीच्या घरी मनुकांचा पाव न्यायचा, तोही माणसाएवढा लांब, शिडीवर आडवा ठेवून, खांद्यावरून मिरवत. हार्मेन पुढे, मागे आणखी तिघं, त्यांच्यामागे बाया. मी पलंगावर उशांना टेकून बसले होते. लेन्डर्ट कॉफीचे कप मांडत होता. बडीशेपेच्या साखरगोळ्या लावलेल्या टोस्टांची ताटं तयार होती. मिरवणूक मागनं आत शिरली आणि पंपापाशी, त्या काटकोनी वळणावर, अडकली.

मला दिसत काही नव्हतं. ऐकू सगळं येत होतं.

"शिडी उभी कर!"

"उभी केली तर पाव माझ्या डोक्यात येईल, गाढवा."

"मग मधोमध कापा आणि न्या."

"खबरदार!" ही तोनिया. "पहिला काप बाळंतिणीनं कापायचा असतो."

"मग तिलाच आणा इकडं."

"तुझी बायको उठली होती का रे इतक्या लवकर?"

"खिडकीतनं देऊ का आत?"

"आपण चोर आहोत का?"

"हार्मेन, जरा डावीकडं. अरे, तुझं डावं! मनुका पडतायत!"

आणि मग एकदम सगळे गप्प झाले. बोळातून एकाच माणसाच्या, न काढलेल्या लाकडी जोड्यांचा आवाज आला. टक, टक, माझ्या पलंगाशेजारून पुढे. कुलपात किल्ली फिरली. लोणी सोडलं होतं ना मी, ती कुरकुरली नाही.

दोन्ही फळ्या उघडल्या आणि तेच फेब्रुवारीतलं ऊन माझ्या पांघरुणावर येऊन पडलं.

"इकडनं आणा," दीनामावशी म्हणाल्या.

सगळी मिरवणूक पाठमोरी मागनं बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पुढे आली. उंबऱ्याशी येताच हार्मेनचा मोकळा हात सवयीनं टोपीकडे गेला.

"टोपी राहू दे डोक्यावर," मावशी म्हणाल्या. "कुणी गेलेलं नाही. आलंय."

पाव माझ्या पलंगापाशी थेट, सरळ आला, कुठंही न वाकता. रस्त्यावर कुणीतरी सायकलवरून उतरलं. तोच म्हातारा. उघडं दार बघून त्यानं टोपी काढली, छातीशी धरली. मावशींनी दारातूनच ओरडून सांगितलं, "ती टोपी घाल आणि आत येऊन पाव खा! दर वेळी काय तुझं!"

सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या होत्या. मांडीवर नेल. दार अजून उघडंच होतं आणि त्यांनी ते लावायचं नाव काढलं नव्हतं. मला आता विचारल्यावाचून राहवेना.

"दीनामावशी, मेनंतर..."

"काय मेनंतर?"

"तुम्हाला खोली लागणार ना."

त्या नेलच्या टोपड्याची नाडी बांधत होत्या. नाडी बारीक, बोटं जाड, वेळ लागत होता.

"मेपर्यंत म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "कुठला मे, ते म्हणाले होते का?"

त्यानंतर पुष्कळ मे आले. नेल त्यांच्या स्वयंपाकघरात रांगायला शिकली, आणि सबंध गावात तिच्या एकटीपुढे बिस्किटांच्या डब्याचं झाकण लागत नसे. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी मावशी गेल्या. जानेवारीत. हिवाळ्यात मरायची नाही म्हणणारी बाई. पुढच्या खोलीत ठेवलं त्यांना; आम्ही नेलची खाट मागे हलवली. लेन्डर्ट, हार्मेन आणि इतरांनी त्यांना त्या दारानं बाहेर नेलं. तळघरात बटाटे निम्मे शिल्लक होते. ते आम्ही वसंतापर्यंत खाल्ले. कोंब आलेलाही एक मी टाकला नाही.

घर पुढे त्यांच्या भाच्याकडून आम्ही घेतलं. लेन्डर्टही आता त्याच दारानं गेलाय.

परवाची ती दोघं मागनं आली. पंपाच्या जागी आता नळ आहे, पण बोळ अजून तसाच वळतो, आणि मुलाच्या पाठीवरची पिशवी तिथं अडकलीच. मी कॉफी दिली. मुलगी खोली बघून आली. खिडकीशी बराच वेळ उभी होती म्हणे. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं घाबरत घाबरत विचारलं, "आजी, किती दिवसांसाठी द्याल?"

मुलानं तारीख टिपायला फोन बाहेर काढला.

बिस्किटांचा डबा मी उघडाच ठेवला.

"मेपर्यंत," मी म्हटलं.